दरीपलीकडचे पाणी : बेळगाव परिसरातील दुर्गम धबधबे आणि त्यांचे छायाचित्रण

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला, खानापूर रस्त्यावर वसलेली उद्यमबाग ओतकामाचे कारखाने, लेथ आणि मिलिंग मशीनची वर्कशॉप, हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग बनवणारे लहानमोठे उद्योग आणि १९७९ मध्ये सुरू झालेले गोगटे तंत्रशिक्षण महाविद्यालय यांमुळे ओळखली जाते. पण भूगोलाच्या दृष्टीने ही वसाहत एका वेगळ्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर आहे. येथून निघणारा रस्ता पिरनवाडीला पोहोचल्यावर एक फाटा खानापूरकडे आणि दुसरा जांबोटी, कणकुंबी व चोर्ला घाटाकडे जातो, आणि या दुसऱ्या रस्त्यावर पठारी मुलूख मागे पडून सह्याद्रीचे दाट जंगल, जांभ्या दगडाचे सडे आणि कोकणात व गोव्यात उतरणाऱ्या खोल दऱ्या सुरू होतात. पावसाळ्यात या दऱ्यांच्या कडांवरून असंख्य प्रवाह कोसळतात. त्यांतील काही रस्त्यालगत आहेत, काही केवळ समोरच्या डोंगरावरून दिसतात आणि काहींचे तर फक्त आवाज ऐकू येतात. गेल्या दोन दशकांत डिजिटल कॅमेरा, मोबाइल आणि समाजमाध्यमे सर्वांच्या हाती आल्यामुळे या प्रवाहांची जितकी छायाचित्रे निघाली, तितकी त्याआधीच्या दीडशे वर्षांत निघाली नसतील. तरीही त्या छायाचित्रांतून पाण्याविषयी नेमके काय कळते, ती कशी काढावीत, कोठून काढावीत आणि कोठून काढू नयेत, या प्रश्नांचा विचार मात्र त्या प्रमाणात झालेला नाही.

दोन समुद्रांकडे जाणारे पाणी

धबधब्याचे छायाचित्र समजून घेण्यासाठी आधी धबधबा कोठे आणि का तयार होतो हे पाहावे लागते. बेळगाव परिसराचे वैशिष्ट्य असे, की येथे थोड्या अंतरात तीन निरनिराळ्या प्रकारचे खडक भेटतात. शहराच्या आसपास आणि उत्तरेकडे दख्खनच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट आहे, खानापूरच्या दक्षिणेला त्याहून कितीतरी प्राचीन असे रूपांतरित खडक आहेत आणि पूर्वेला गोकाकच्या बाजूला वालुकाश्म व त्यापासून बनलेला कठीण गारेचा खडक आहे, ज्याला भूशास्त्रज्ञ बागलकोट जिल्ह्यातील कलादगी गावावरून कलादगी समूहाचे खडक म्हणतात. कठीण थराखाली तुलनेने ठिसूळ किंवा भेगाळलेला थर असला की पाणी खालचा भाग आधी पोखरते, वरचा थर काही काळ पुढे आलेल्या ओठासारखा राहतो आणि शेवटी तुटून पडतो. या क्रियेमुळे धबधबा हळूहळू उगमाच्या दिशेने मागे सरकत जातो आणि त्याच्यापुढे उभ्या भिंतींची घळ तयार होते. अशा घळीत प्रकाश कमी पोहोचतो, तुषार कोंडून राहतात आणि समोर उभे राहायला जागा नसते, म्हणजेच छायाचित्रकाराच्या बहुतेक अडचणी खडकाच्या याच रचनेतून जन्माला येतात.

पाण्याचा पुरवठाही तितकाच विषम आहे. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीत हेच प्रमाण ७,००० मिलिमीटरच्या आसपास जाते. कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते, कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई, जिला गोव्यात पुढे मांडवी म्हणतात, पश्चिमेकडे उतरून पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. पूर्ववाहिनी नद्या पठारावरून लांबचा प्रवास करतात, म्हणून घटप्रभेवरचा गोकाक आणि मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी हे त्यांचे धबधबे रुंद, मोठ्या पाण्याचे आणि तुलनेने सुगम आहेत. पश्चिमवाहिनी प्रवाहांना मात्र थोड्या अंतरात शेकडो मीटर खाली उतरायचे असते, आणि दुर्गम धबधबे आहेत ते प्रामुख्याने याच बाजूला.

गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा असून त्याचा माथा घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे. १८८७ मध्ये येथे गिरणीसाठी पाण्यावर वीज निर्माण करण्यात आली आणि आशियातील जलविद्युतेच्या आरंभीच्या प्रयोगांत तिची गणना होते. गिरणीच्या सोयीसाठी बांधलेला सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल छायाचित्रकारांना धबधब्याचे प्रमाण दाखवण्यासाठी फार उपयोगी पडला आहे, कारण मोकळ्या खडकात पाण्याची उंची डोळ्यांना अदमासता येत नाही, पण चौकटीत पूल आला की ती लगेच कळते. मात्र गोकाकचे पाणी आज केवळ पावसावर अवलंबून नाही. वरच्या अंगाला हिडकल येथे धरण असल्यामुळे, पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी या दोन्हींचा मेळ बसेल तेव्हाच धबधबा पूर्ण रुंदीने वाहतो. उन्हाळ्यात तेथे उघडा खडक दिसतो.

म्हादईच्या बाजूचे चित्र निराळे आहे. जांबोटीजवळ गवळी आणि चापोली या गावांच्या दरम्यान दाट जंगलात नदी सुमारे २०० मीटर खाली झेपावते. हाच वज्रपोहा धबधबा. त्याच्या पायथ्याशी सहजपणे नेणारी वाट नाही, आणि त्याचे पूर्ण दर्शन जांबोटीच्या नैऋत्येला असलेल्या डोंगरावरून, मधली दरी ओलांडून, दुरूनच होते. चोर्ला घाटाच्या परिसरात सुर्ला गावाच्या पठारावरून म्हादई अभयारण्याच्या दरीत कोसळणारे प्रवाहही असेच समोरच्या कड्यावरून पाहावे लागतात. १९९९ मध्ये गोवा शासनाने घोषित केलेले हे अभयारण्य आणि २०११ मध्ये कर्नाटकाने घोषित केलेले भीमगड अभयारण्य एकाच डोंगररांगेच्या दोन बाजू राखतात. याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला, कॅसलरॉक ते कुळे या घाटातील रेल्वेमार्गावर, सुमारे ३१० मीटर उंचीचा दूधसागर आहे, जो टप्प्याटप्प्याने उतरतो आणि ज्याच्या मधल्या उंचीवरून रेल्वेचा पूल जातो.

निपाणीच्या बाजूने निघालेल्या प्रवाशाला हाच सह्याद्री वेगळ्या दारांतून भेटतो. निपाणीहून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात राऊतवाडीचा धबधबा आहे, आजऱ्याला हिरण्यकेशीवर रामतीर्थ आहे, आणि बेळगावहून सावंतवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंबोलीच्या अलीकडे नांगरतास आहे, जेथे पाणी एका अरुंद, खोल चिरेत शिरते आणि ते वरूनच वाकून पाहावे लागते. आंबोलीजवळच्या कावळेसाद येथे पावसाळी वारा उभ्या कड्यावर आदळून वर वळतो आणि कड्यावरून सुटलेले पाणी पुन्हा वर फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. तेथे प्रवाहापेक्षा वाऱ्याचेच चित्र घ्यावे लागते.

संथ काचा आणि रेशमी पाणी

धबधबा हा छायाचित्रणाच्या अगदी आरंभापासूनचा विषय आहे. नायगाऱ्याचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र १८४० मध्ये ह्यू ली पॅटिन्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने डगेरोटाइप पद्धतीने, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, घेतले. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. तीत काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच ते विकसित करावे लागे, त्यामुळे छायाचित्रकाराला काळोखी खोलीच तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी अभ्यासक तिच्याशी जोडले गेले. त्या काळात देवळे, लेणी, किल्ले आणि माणसे यांची छायाचित्रे भरपूर निघाली, पण ऐन पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या घाटातील धबधब्यापर्यंत काचा, रसायने आणि तंबू नेणे हे जवळजवळ अशक्य होते. पाणी भरपूर असे तेव्हा वाट नसे, आणि वाट मोकळी होई तेव्हा पाणी ओसरलेले असे. ही अडचण आजही मूळ रूपात शिल्लक आहे.

त्या काचा प्रकाशाला फार संथ प्रतिसाद देत, म्हणून कॅमेऱ्याचे तोंड काही सेकंद उघडे ठेवावे लागे आणि तेवढ्या वेळात हलणारे पाणी चित्रात दुधाळ, धुक्यासारखे उमटे. आज ज्याला रेशमी पाणी म्हटले जाते आणि जे मिळवण्यासाठी खास उपकरणे वापरली जातात, तो परिणाम त्या काळी निवडीचा नव्हे तर नाइलाजाचा होता. कार्लटन वॉटकिन्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत खेचरांवर सामान लादून सुमारे १८ बाय २२ इंचांच्या प्रचंड काचांवर तेथील कडे आणि धबधबे टिपले. दरी पाहू न शकलेल्या राज्यकर्त्यांपर्यंत ही चित्रे पोहोचली आणि १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांनी ती दरी जनतेसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली, त्यामागे या चित्रांचा प्रभाव होता असे मानले जाते. दुर्गम स्थळाचे छायाचित्र त्या स्थळाच्या रक्षणाला कारण होऊ शकते, याचा हा आरंभीचा आणि ठळक दाखला आहे.

शटर, वेग आणि खरेपणा

धबधब्याच्या छायाचित्रणातील मध्यवर्ती निर्णय शटरच्या वेगाचा असतो. शटर म्हणजे कॅमेऱ्यातील तो पडदा, जो ठरावीक काळ उघडून प्रकाश आत सोडतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर ५० मीटर उंचीवरून पडणारे पाणी पायथ्याशी सेकंदाला सुमारे ३१ मीटर वेगाने पोहोचते. याचा अर्थ असा, की सेकंदाच्या हजाराव्या भागात ते साधारण तीन सेंटिमीटर, सव्वाशेव्या भागात सुमारे पंचवीस सेंटिमीटर आणि अर्ध्या सेकंदात पंधरा मीटर सरकते. पहिल्या वेगाला थेंब न् थेंब गोठलेला दिसतो, दुसऱ्या वेगाला पाण्याच्या माळा आणि त्यांची दिशा दिसते, तिसऱ्याला एकसंध पांढरा पडदा दिसतो. प्रत्यक्षात हवा पाण्याला फोडते आणि त्याचा वेग रोखते, त्यामुळे हे आकडे वरची मर्यादा सांगतात; पण निवड करताना त्यांचा चांगला उपयोग होतो. दरीपलीकडून वज्रपोह्यासारखा धबधबा टिपताना तेच पाणी चौकटीत हळू सरकताना दिसते, म्हणून पांढऱ्या पडद्यासाठी शटर जितका वेळ उघडे ठेवणे जवळून पुरेसे वाटते, तितका वेळ दुरून अपुरा ठरतो.

शटर अधिक काळ उघडे ठेवले की प्रकाश प्रमाणाबाहेर शिरतो, आणि तो कमी करण्यासाठी भिंगापुढे करड्या काचेचा एनडी फिल्टर लावतात, जो रंग न बदलता केवळ प्रकाश घटवतो. छायाचित्रणात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या एका पायरीला स्टॉप म्हणतात. तीन स्टॉपचा फिल्टर प्रकाश आठव्या भागावर आणतो, सहा स्टॉपचा चौसष्टाव्या भागावर आणि दहा स्टॉपचा जवळजवळ हजाराव्या भागावर. पावसाळी घळीत मुळातच अंधार असल्यामुळे तेथे बहुधा तीन स्टॉप पुरतात. त्याहून उपयुक्त ठरतो तो पोलरायझर, म्हणजे फिरवता येणारा असा फिल्टर, जो ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चकाकी कापतो आणि तिच्याखाली दडलेला हिरवा व तांबूस रंग उघड करतो. तोही दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणून एनडी फिल्टरचे काम काही अंशी तोच करतो.

दुसरी अडचण प्रकाश मोजण्याची. कॅमेऱ्यातील मापक चौकटीचा सरासरी उजेड धरतो, आणि काळ्या कातळात पांढऱ्या पाण्याची एक बारीक रेघ असेल तर कातळ उजळवण्याच्या नादात पाणी इतके पांढरे होते की त्यात काही तपशील उरत नाही. उद्यमबागेतील ओतारी जाणतो, की साच्यात धातू ओतताना आत राहिलेली पोकळी पुढे मशीनवर कितीही काम केले तरी भरून निघत नाही. टिपतानाच करपलेले पांढरे पाणीही तसेच, नंतर संगणकावर परत आणता येत नाही. म्हणून पाण्याचा सर्वांत उजळ भाग जपण्यासाठी मापकाने सुचवल्यापेक्षा दोनतृतीयांश ते एक स्टॉप कमी प्रकाश द्यावा, हिस्टोग्राम म्हणजे उजळ-काळोख्या भागांचे वाटप दाखवणारा आलेख पाहावा आणि चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःचे संस्कार न करता साठवलेल्या मूळ माहितीत, ठेवावे. याच कारणाने ढगाळ दिवस उत्तम मानला जातो. कडक उन्हात पाणी आणि सावली यांच्या उजेडातील अंतर अनेकदा कॅमेऱ्याच्या संवेदकाच्या आवाक्याबाहेर जाते. ऊन उपयोगी पडते ते इंद्रधनुष्यासाठी. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर दिसते, त्यामुळे सूर्य पाठीशी आणि बराच खाली असताना, म्हणजे सकाळी किंवा दुपार कलल्यावर, तुषारांत ते शोधावे; कड्यावरून खाली पाहणाऱ्याला मात्र सूर्य वर असतानाही ते सापडू शकते.

येथेच या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. लांब वेळाच्या चित्रात सुटे थेंब एकमेकांत मिसळतात आणि बारीक धारही भरगच्च पडद्यासारखी दिसते, त्यामुळे ऑक्टोबरअखेरचा क्षीण प्रवाह ऑगस्टच्या पुरासारखा भासू शकतो. पाहणाऱ्याला पाणी किती होते हे अशा चित्रातून कळत नाही. रेशमी पाण्यात सौंदर्य आहे आणि ते टिपण्यात गैर काही नाही, परंतु तारीख, वेळ, शटरचा वेग आणि उभे राहण्याची जागा यांची नोंद सोबत नसेल तर ते चित्र धबधब्याविषयी काही सांगत नाही, केवळ त्याचा भास निर्माण करते. म्हणून प्रत्येक ठिकाणी रेशमी चित्राबरोबरच निदान एक चित्र जलद शटरने, पाण्याचे खरे प्रमाण दिसेल असे, घेण्याची सवय छायाचित्रकाराने लावून घेणे आवश्यक आहे.

म्हादईच्या बाबतीत ही गरज अधिकच आहे. कळसा आणि भांडुरा या प्रवाहांचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या योजनेवरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. त्यासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. या आकड्यांवर तिन्ही राज्यांत मतभेद आहेत, आणि पुढील काळात नदीत काय बदल होतो हे पाहणे तिन्ही राज्यांतील लोकांच्या हिताचे आहे. त्याच जागी उभे राहून, त्याच भिंगाने, दरवर्षी त्याच पंधरवड्यात घेतलेली चित्रे एकमेकांशेजारी ठेवण्याच्या पद्धतीला पुनरावृत्त छायाचित्रण म्हणतात. आल्प्समधील हिमनद्यांची माघार नोंदवण्यासाठी ही पद्धत १९ व्या शतकाच्या अखेरीपासून वापरली गेली. बेळगावातील एखाद्या छायाचित्रकाराने वज्रपोह्याची अशी दहा-वीस वर्षांची मालिका तयार केली, तर तिचे मोल कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोठे ठरेल.

ऋतू, तुषार आणि हाताशी असलेला वेळ

पावसाळ्याचे तीन टप्पे छायाचित्रकाराला तीन प्रकारचे पाणी देतात. जूनमध्ये पहिल्या जोराच्या सरींबरोबर जांभ्याची माती वाहून येते आणि प्रवाह गढूळ, तांबडे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सर्वाधिक असते, पण दऱ्या तासन् तास धुक्याने भरलेल्या असतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर या काळात पाणी स्वच्छ होते, धुके विरळ होते, झाडी अजून हिरवी असते आणि वाटा चालण्याजोग्या होतात. दुर्गम धबधब्यांसाठी हा तिसरा टप्पा सर्वांत योग्य आहे, हे अनुभवी मंडळी जाणतात. मात्र समाजमाध्यमांवर गर्दी उसळते ती दुसऱ्या टप्प्यात.

दरीपलीकडून चित्र घेताना धुके काही मिनिटांसाठीच बाजूला होते, आणि तेव्हा कॅमेरा जुळवत बसायला अवधी नसतो. म्हणून तिवई आधीच रोवून, चौकट ठरवून, फोकस हाताने पक्का करून ठेवावा लागतो, कारण धुक्यात स्वयंचलित फोकसला पकडण्यासारखे काही मिळत नाही. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात तिवई थरथरते. तिचा मधला दांडा वर न काढणे, पाय रुंद फाकवणे आणि पिशवी दांड्याला अशी अडकवणे की ती जमिनीला टेकलेली राहील, या साध्या उपायांनी चित्र स्थिर येते. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला तर दमट हवेतील बाष्प भिंगावर आणि आत साचते, त्यामुळे पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास तिला बाहेरच्या हवेशी जुळू द्यावे. तुषार पुसण्यासाठी बरेच कोरडे मऊ कापडी तुकडे, भिंगाला खोलगट हूड आणि छत्री एवढी साधने पुष्कळ आहेत. परतल्यावर उपकरणे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवली नाहीत तर कोकणच्या अंगाच्या या हवेत भिंगावर बुरशी चढते आणि ती काचेवर कायमचे व्रण सोडते.

धाडसाची किंमत

दुर्गम धबधब्यांची लोकप्रियता आणि मृत्यू यांचा संबंध गेल्या काही वर्षांत अनेकदा दिसून आला आहे. चंदगड तालुक्यातील किटवाड येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये सहलीला गेलेल्या बेळगावच्या चार मुली पाण्यात पडून दगावल्या. जुलै २०२३ मध्ये गोव्यातील नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघांचा बुडून मृत्यू झाल्यानंतर तेथील वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी केली. त्याच महिन्यात दूधसागरकडे रुळांवरून चालत जाणाऱ्या मोठ्या जमावाला रेल्वे सुरक्षा दलाने अडवले. रुळांवर अनधिकृतपणे जाणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा किंवा एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळून मरण पावली.

या घटनांमागील भौतिक कारण बहुतेक वेळा सारखेच असते. घाटातील ओढ्यांचे पाणलोट लहान आणि तीव्र उताराचे असतात, त्यामुळे माथ्यावर पडलेली सर खाली कोरडे आकाश असतानाही काही मिनिटांत पाणी वाढवते. पाण्याचा रंग अचानक गढूळ होणे, काड्या-पाने एकदम वाढणे आणि आवाज जाड होणे या तीन खुणा दिसताच उंच जागी जावे. पोहोचताक्षणी पाण्याच्या काठावर एक दगड खूण म्हणून ठेवून त्याच्याकडे अधूनमधून पाहणे हा गावकऱ्यांच्या निरीक्षणाशी जुळणारा आणि कोणत्याही उपकरणाविना होणारा उपाय आहे. कातळावरचे शेवाळ कोरड्या भागातही घसरते, आणि गुडघ्याइतका वाहता ओढाही माणसाचे पाय उचलू शकतो. कॅमेऱ्याच्या चौकटीतून पाहणाऱ्याला चौकटीबाहेरचे काही दिसत नाही. म्हणून दुर्गम ठिकाणी एकट्याने जाऊ नये, आणि बरोबरच्या एकाने तरी केवळ पाण्याकडे लक्ष ठेवावे.

ज्यांचे घर तेथे आहे

प्रवेशबंदी केवळ माणसांच्या सुरक्षिततेसाठी नसते. धबधब्याच्या तुषारांनी कायम ओली राहणारी पट्टी हे स्वतंत्र अधिवासाचे क्षेत्र असते. शीळकरी कस्तुर पक्षी पावसाळ्यातच अशा प्रवाहांलगतच्या कपारींत घरटे करतो, आणि आंबोलीवरून ज्याला नाव मिळाले तो भेक पहिल्या पावसात जांभ्याच्या उघड्या सड्यांवरच्या डबक्यांत अंडी घालतो. २००९ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झालेला हा भेक नष्ट होण्याच्या तीव्र धोक्यातील प्राण्यांत गणला जातो. आंबोलीच्या हिरण्यकेशी कुंडातील, २०२० मध्ये वर्णन झालेल्या माशाच्या प्रजातीमुळे तो परिसर २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाला. भीमगडच्या बारापेडे गुहांत राहणारी रॉटनची वटवाघळे जगात फार थोड्या ठिकाणी आढळतात. अशा ठिकाणी खडकावरचे शेवाळ खरवडणे, चौकट मोकळी करण्यासाठी फांद्या तोडणे, दगड हलवणे किंवा प्राण्यांच्या डोळ्यांवर वारंवार फ्लॅश मारणे हे केवळ अशिष्ट नव्हे, तर घातक आहे.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ ने अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घातले असून कलम २८ नुसार छायाचित्रणासाठी परवाना देता येतो. २०२२ च्या दुरुस्तीने छायाचित्रण आणि चित्रीकरण अधिवासात कोणताही बदल न करता व्हावे, असे त्यात जोडले. ड्रोनलाही हेच लागू पडते. पूर्वी गोपाळ बोधे यांच्यासारख्या छायाचित्रकाराने हेलिकॉप्टरमधून महाराष्ट्राचा किनारा आणि किल्ले टिपले, तेव्हा ते काम मोजक्यांच्याच आवाक्यातले होते. आता ते हातात मावणाऱ्या यंत्रावर आले आहे. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागणी करून नोंदणी आवश्यक केली. बेळगावात सांबऱ्याचा विमानतळ, तेथील हवाई दलाचे केंद्र आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे उड्डाणापूर्वी नकाशा पाहणे अनिवार्य आहे, आणि अभयारण्यावर वनखात्याच्या परवानगीविना ड्रोन सोडणे बेकायदा आहे. घरट्याजवळ घोंगावणारे यंत्र पक्ष्याला शिकारी पक्ष्यासारखे भासते, ही गोष्ट नियमांपलीकडे जाऊनही लक्षात ठेवावी.

उरतो तो जागेचा पत्ता. मोबाइलने काढलेल्या चित्रात बहुधा अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात आणि ते प्रसिद्ध झाले की निर्जन ओढ्यावर पुढच्याच सुट्टीत शेकडो गाड्या पोहोचतात. त्या गावाला मात्र ना वाहनतळ असतो, ना कचरा उचलण्याची सोय, ना बुडणाऱ्याला काढायला दोर. स्वतःच्या संग्रहात संपूर्ण नोंद ठेवावी, पण जाहीर करताना तालुका आणि नदी एवढेच सांगावे, हा तोल छायाचित्रकाराला साधला पाहिजे. गावातील माणसांना विचारून, त्यांना मोबदला देऊन आणि त्यांनी सांगितलेल्या मर्यादेत राहून केलेले काम हेच सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत टिकाऊ असते, कारण पाणी कधी वाढते आणि वाट कधी बंद होते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

बेळगाव, खानापूर, चंदगड आणि निपाणी या पट्ट्यातील छायाचित्रकारांपुढे आज दोन मार्ग आहेत. एक, दरवर्षी अधिक जवळ आणि अधिक कठीण जागी जाऊन तेच रेशमी पाणी पुन्हा टिपण्याचा. दुसरा, दरीच्या अलीकडे उभे राहून, दिनांक आणि शटरच्या वेगासह, वर्षानुवर्षे त्याच प्रवाहाची विश्वासार्ह नोंद करण्याचा. दुसऱ्या मार्गाला टाळ्या कमी मिळतील, पण म्हादई, मलप्रभा, घटप्रभा आणि हिरण्यकेशी यांच्या पाण्याविषयी पुढच्या पिढीला जे खरे सांगायचे आहे, ते त्याच मार्गाने सांगता येईल. येत्या पावसाळ्यात कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने एक जागा निवडावी, तिची पहिली तारीखवार नोंद करावी आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परत यावे.